‘आडनावाचा इतिहास’वाली फ्रेम मागवली होती (आडनाव: सायक्स), त्याचा अनुभव

पाचपैकी एक स्टार. तो पण लाकडासाठी, लाकूड खरंच चांगलं आहे. घाई असेल त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल, फ्रेम घेऊ नका एवढंच. पण ती आल्यापासून मी दोन महिने याच शोधात होते आणि त्यातून जे हाती लागलं ते त्या फ्रेमपेक्षा कितीतरी मोठं आहे म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी मूळची सोलापूरची, लग्नानंतर इकडं इंग्लंडात आले, गेली सात वर्षं वेस्ट यॉर्कशायरमध्ये हडर्सफील्डला राहतो आम्ही. शेजारी एक आजी आहेत, एकट्याच असतात, आडनाव सायक्स. माझं बाळंतपण इथंच झालं, आईचा व्हिसा वेळेत आला नाही, तेव्हा या बाईंनी पंधरा दिवस रोज संध्याकाळी गरम सूप आणून दिलं आणि पोरगी रडायला लागली की तिला मांडीवर घेऊन बसायच्या, मला म्हणायच्या तू झोप. त्यामुळं त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार म्हटल्यावर काहीतरी मनापासूनचं द्यायचं होतं. आडनावाचा त्यांना फार अभिमान. माहेरचं पण सायक्स आणि सासरचं पण सायक्स! मला आधी वाटलं नात्यातच दिलं असेल, आपल्याकडं मामाच्या घरी देतात तसं, तर म्हणाल्या नाही गं, काही नातं नाही, आमच्या खोऱ्यात सायक्सच इतके की दुसऱ्या आडनावाचा नवरा हवा तर डोंगर ओलांडावा लागायचा.

म्हणून ही फ्रेम मागवली. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण हा एकाच दुकानाचा प्रश्न नाही, ऑनलाइन बघाल तर बऱ्याच ठिकाणी असाच माल आहे. आडनाव टाकायचं, फ्रेमचा रंग निवडायचा, ४२ पाउंड भरायचे. वर्णनात लिहिलेलं की तज्ज्ञांनी संशोधन करून लिहिलेला तुमच्या घराण्याचा अस्सल इतिहास. दहा दिवसांत आली, पॅकिंग नीट होतं, काच शाबूत. आत पिवळसर कागद, कडा जळाल्यासारख्या दिसाव्यात म्हणून तशा छापलेल्या, खाली लाखेचा लाल शिक्का, बोटानं दाबून बघितला तर प्लॅस्टिकचा. मधोमध कुलचिन्ह, पांढरी ढाल, तिच्यावर घराच्या छपरासारखी काळी पट्टी आणि तीन गोल, गोलांत निळ्यापांढऱ्या लाटा. त्याखाली दोन परिच्छेद. घराणं प्राचीन आणि उमराव, कुणी शूर सरदार होता, राजानं जमीन दिली, मग वंशज नव्या जगात नशीब काढायला गेले. बस्स. एका गावाचं नाव नाही, एक साल नाही, माणूस तर एकही नाही. मला शंका आली म्हणून त्याच साइटवर दुसरी तीन आडनावं टाकून नमुना उघडला, तर शब्द न शब्द तोच, फक्त आडनाव बदललेलं. पोटात खड्डाच पडला, वाढदिवस जवळ येत चाललेला.

आता त्या कुलचिन्हाचं सांगते, कारण खरी फसवणूक तिथं आहे. इंग्लंडात कुलचिन्ह आडनावाला नसतंच मुळी, ते एका माणसाला मिळतं आणि मग त्याच्या वंशात पुढं जातं. हे सगळं बघणारी लंडनची संस्था म्हणजे कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ पासूनची, आणि ती स्वतःच सांगते की अमुक आडनावाचं कुलचिन्ह अशी काही गोष्ट नाही. उद्या आपल्याकडं कुणी प्रत्येक शिंद्यांच्या दारात जाऊन ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं राजचिन्ह ‘हे तुमच्या घराण्याचं’ म्हणून विकायला लागला तर कसं वाटेल, तसंच आहे हे. फ्रेमवर होतं ते स्लेडमियरच्या सायक्स घराण्याचं. हे पूर्व यॉर्कशायरचे जमीनदार, आधी लीड्सला कापडाचे व्यापारी, मग हल बंदरात व्यापार वाढवला, १७८३ मध्ये बॅरोनेट झाले, म्हणजे पिढीजात ‘सर’ हा किताब मिळाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या पिकोबरोबर बसून मध्यपूर्वेच्या नकाशावर वाटण्या करणारा मार्क सायक्स, १९१६ चा सायक्स-पिको करार, तो याच घरचा. आजींच्या घरातले पिढ्यान् पिढ्या विणकर, त्यांचा त्या हवेलीशी काय संबंध?

आणि सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं की त्या तीन गोलांचा अर्थ कुठंच लिहिला नव्हता. इंग्लिश कुलचिन्हांच्या भाषेत लाटांच्या त्या गोलाला फाउंटन म्हणतात, आणि त्यालाच दुसरा शब्द आहे साइक! म्हणजे ते आडनावच चित्रात काढलेलं आहे. फ्रेममध्ये खरी गोष्ट एवढी एकच होती आणि विकणाऱ्याला तिचा पत्ताच नाही.

साइक म्हणजे ओहोळ. जुन्या इंग्रजीतला शब्द, आणि उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतही जवळजवळ तोच. यॉर्कशायरमध्ये तो अजून जिवंत आहे. आजींचा पुतण्या एका रविवारी आम्हाला गाडीनं मार्सडेनच्या वरच्या माळावर घेऊन गेला. मला वाटलं होतं झरा म्हणजे दगडांवरून खळखळ वाहणारं काहीतरी असेल. तसं काही नव्हतं. नुसता ओला माळ, पाऊल टाकलं की बूट चपचप आत जातो, लव्हाळ्याचे झुबके, आणि पाणी दिसत नाही पण आवाज येतो. लव्हाळा हातानं बाजूला केला तर खाली वीतभर रुंद धार, कोऱ्या चहाच्या रंगाची, इथल्या काळ्या कुजट मातीमुळं तसा रंग येतो म्हणे. पुतण्या म्हणाला ही साइक, आणि पलीकडची जमीन दुसऱ्याची. म्हणजे ओहोळ आणि बांध दोन्ही एकच. आपल्याकडं नाही का, शीव ओढ्याच्या अलीकडं का पलीकडं यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं.

तर पूर्वी गावात पाच जॉन असले की कुठला जॉन, तर ओहोळाजवळचा जॉन. कागदावर ते ‘डेल साइक’ असं यायचं. तेराव्या-चौदाव्या शतकात या भागात अशी नावं माणसाला चिकटायला लागली आणि मग बापाकडून मुलाकडं गेली. १३७९ मध्ये राजानं डोईपट्टी बसवली, तिच्या वेस्ट रायडिंगच्या (यॉर्कशायरच्या पश्चिम भागाचं जुनं नाव) गावोगावच्या याद्या अजून टिकून आहेत, त्या म्हणजे आडनावं शोधणाऱ्यांची खाणच आहे, कुणाच्या नावापुढं गाव, कुणाच्या धंदा, कुणाच्या नुसतं बापाचं नाव. मुलगा ओहोळापासून दहा मैल लांब राहायला गेला तरी नाव ओहोळाचंच राहिलं. आपली ‘कर’वाली आडनावं आठवा, साताऱ्यात सातारकर कोण म्हणणार, ते नाव गाव सोडल्यावरच लागतं. इथं मात्र उलटं, हे नाव लागलं तेव्हा माणूस ओहोळाच्या काठावरच होता. हा फरक मला फार आवडला.

मग प्रश्न असा की एवढे सायक्स या एकाच खोऱ्यात कसे? कोल्न नदीचं खोरं, स्लेथवेट, गोल्कर, मार्सडेन ही गावं (स्लेथवेटला इथले लोक स्लॅविट म्हणतात, मी पहिल्यांदा बसमध्ये लिहिलंय तसं म्हटलं तर ड्रायव्हरला दोनदा सांगावं लागलं). १८८१ च्या जनगणनेवरून काढलेला आडनावांचा नकाशा बघितला तर सायक्सचा सगळ्यात गडद ठिपका हडर्सफील्डच्या आसपासच आहे. कारण लोकर. इथली जमीन डोंगराळ, थंड, नुसत्या शेतीवर पोट भरणं अवघड, म्हणून घराघरात चार एकर जमीन, एकदोन गाई आणि माडीवर हातमाग. १७६६ मध्ये हडर्सफील्डला क्लॉथ हॉल बांधला, कापड विकायची जागा, मंगळवारी बाजार. घरी विणायचं आणि गावात नेऊन विकायचं, मग खोरं सोडून जायचं कशाला? पोरं झाली की शेजारीच घर बांधायचं. त्यामुळं एकाच नावाआडनावाचे इतके लोक झाले की ओळखायला बाप आणि आजा लावायचे, म्हणजे टॉमच्या बिलचा ज्यो. आपल्या तीन पदरी नावासारखंच की हे!

गोल्करला कोल्न व्हॅली म्युझियम आहे, ते या सगळ्यात मला सर्वांत जास्त आवडलं आणि त्याला पाचपैकी पाच. १८४० च्या दशकातली विणकरांची खरी घरं एकत्र करून केलंय. वरच्या मजल्यावर खिडक्यांची लांब ओळ, एकाला एक चिकटून, दगडाच्या बारीक खांबांनी वेगळ्या केलेल्या, कारण मागावर उजेड पडला पाहिजे. मी तिथं उभी राहिले आणि मला आमच्या साखर पेठेतली घरं आठवली, पहाटेपासून खट्खट् खट्खट्. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते, आणि वर्गातल्या निम्म्या मैत्रिणींच्या घरी तेलुगू बोलायचे, त्यांचे पूर्वज तेलंगणातून मागाच्या कामासाठी आलेले पद्मशाली. कापडामागं माणसं कशी जातात आणि कशी एका जागी रुतून बसतात हे आम्हा सोलापूरकरांना वेगळं शिकवावं लागत नाही.

आता डीएनएची गोष्ट, कारण फ्रेमवाल्यानं घराणं एकच आहे असं ठोकून दिलंय. गंमत म्हणजे एक सायक्स शास्त्रज्ञानं हेच तपासून बघितलं होतं. ऑक्सफर्डचे ब्रायन सायक्स. तेव्हा ग्लॅक्सो कंपनीचे प्रमुख सर रिचर्ड सायक्स होते, ते हडर्सफील्डचेच, आणि ब्रायनना लोक विचारायचे की ते तुमचे कोण. मग त्यांनी वेस्ट यॉर्कशायर, लँकशायर, चेशरमधल्या सायक्स पुरुषांना पत्रं पाठवून नमुने मागवले. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडं जातो, आडनावाचंही तसंच, म्हणून दोन्ही एकत्र तपासायचे. २००० मध्ये निकाल छापून आला, ४८ जणांपैकी २१ जणांचा वाय सारखाच निघाला, आणि तुलनेला घेतलेल्या बाकीच्या लोकांत तो एकाकडंही नाही. त्यांनी मांडलं की सातशे वर्षांपूर्वीच्या एकाच माणसापासून हे आले असावेत आणि उरलेल्यांकडं दत्तक, विधवेचा पुनर्विवाह, लग्नाबाहेरची मुलं अशा वाटांनी नाव आलं असेल. मला विचाराल तर हा निकाल जपून वाचावा, कारण तेव्हा वाय क्रोमोसोमवरच्या फक्त ४ खुणा तपासल्या होत्या, आज यापेक्षा कितीतरी जास्त तपासतात, शिवाय ओहोळ काय एकच होता का, उत्तर इंग्लंडभर आहेत. आणि हे पण लक्षात घ्या की तपासलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त सायक्सांची बापाकडची वंशरेषा त्या एका माणसापर्यंत जात नाही, तरी ते सायक्सच आहेत. आजींना हे सांगितलं तर त्या पटकन म्हणाल्या, मग काय झालं, ज्यानं वाढवलं त्याचंच नाव लागणार ना. त्यांचे आजोबा दत्तक होते हे मला त्या दिवशी कळलं.

खोरं सुटलं ते गिरण्यांमुळं. वाफेवर माग चालायला लागले, हातमाग बसले, पोरं गिरणीत गेली. मार्सडेनजवळ डोंगराखालून स्टँडएजचा बोगदा आहे, कालव्याचा, १८११ ला सुरू झाला, पाच किलोमीटरहून लांब, ब्रिटनमधला कालव्याचा सगळ्यात लांब बोगदा. त्याच डोंगरातून १८४९ ला रेल्वे गेली. पलीकडं ओल्डहॅम, कापसाच्या गिरण्या, आणि ओल्डहॅममध्येच १९२३ मध्ये विनोदी नट एरिक सायक्स जन्मले, इथल्या म्हाताऱ्या मंडळींचे फार लाडके. नाव अमेरिकेतही पोचलं, तिथं ते कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांचंही आहे. १९०६ मध्ये आर्कान्सामध्ये जन्मलेले ब्लूज पियानोवादक रूझवेल्ट सायक्स त्यांच्यातले. गुलामगिरीत मालकाचं आडनाव माणसांना कसं लागलं हे सगळ्यांना माहीत आहे, पण फ्रेमच्या ‘नशीब काढायला गेले’मध्ये अशा माणसांना जागाच नाही. मला ते वाक्य तेव्हापासून वाचवत नाही.

आता आपल्याकडचं. कर्नल विल्यम हेन्री सायक्स, जन्म १७९०, यॉर्कशायरच्याच एका सायक्स घरातला, कंपनीच्या मुंबई फौजेत आला, १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या विरुद्ध होता. १८२४ मध्ये एल्फिन्स्टननं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामाला लावलं आणि हा गडी गावोगाव फिरून पिकं, वजनंमापं, माणसं यांच्याबरोबर पक्षी आणि मासे पण लिहून ठेवायला लागला. आपल्या कोरड्या माळरानावर तुऱ्याचा लहानसा चंडोल दिसतो ना, त्याला इंग्रजीत सायक्सचा लार्क म्हणतात, १८३२ मध्ये यानंच त्याचं वर्णन छापलं. माशांना तर यानं शास्त्रीय नावंच इथल्या बोलीतली दिली, शिंगाळा माशाचं शास्त्रीय नाव आजही सीनघाला आहे, आणि त्याच्यापुढं कंसात सायक्स, १८३९. यॉर्कशायरच्या ओहोळाचं नाव आपल्या नदीतल्या शिंगाळ्याला जोडलेलं आहे हे मी आजींना मोबाइलवर फोटो दाखवून सांगितलं, त्यांनी तो फोटो मोठा करून करून बघितला.

दुसरा सायक्स मात्र मी त्यांना लगेच नाही सांगितला. सर फ्रेडरिक सायक्स, जन्म लंडनजवळ क्रॉयडनचा, १९२८ ते १९३३ मुंबईचा गव्हर्नर. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं आणि शहरात मार्शल लॉ लागला, तो याच्याच कारकिर्दीत. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं. सोलापुरात या चौघांचे पुतळे आहेत, त्या चार पुतळ्यांवरून शाळेत जायचे मी रोज. बाबांना फोनवर सांगितलं की शेजारच्या आजींच्या आडनावाचं शोधतेय, सायक्स, तर ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले तो गव्हर्नर? मी म्हटलं बाबा, या विणकर आहेत. ते म्हणाले मग ठीक आहे, मग आपल्यातल्याच की. पुढं एकदा चहा पिताना आजींना ही गोष्ट पण सांगितली, चौघांची नावं सुद्धा. त्यांनी कुर्बान हुसेन यांचं वय विचारलं, मी म्हटलं विशीतले, आणि मग बराच वेळ दोघी काही बोललो नाही.

कुणाला इंग्लिश आडनावाचं शोधायचं असेल, कामासाठी, मित्रासाठी, किंवा इकडं लग्न करून आलात म्हणून, तर फ्रेमचे पैसे वाचवा आणि हे करा. २०१६ मध्ये ऑक्सफर्डचा ब्रिटन आणि आयर्लंडच्या आडनावांचा चार खंडांचा कोश आला, ४५ हजारांवर आडनावं, जुन्या नोंदी सालासकट. विकत घ्यायला फार महाग, पण इथल्या बऱ्याच लायब्ररींच्या कार्डावर घरबसल्या फुकट उघडतो, कार्ड पण फुकट. मग फ्रीबीएमडी, स्वयंसेवकांनी टाइप करून केलेली साइट, जन्म-लग्न-मृत्यूची सूची, सरकारी नोंदणी जुलै १८३७ ला सुरू झाली तिथपासून, एक पैसा लागत नाही. दिसायला जुनाट आहे पण सवय झाली की झरझर चालतं. १८३७ च्या मागं जायचं तर चर्चच्या वह्या, त्या १५३८ पासूनच्या, काही गावांच्या हरवल्यात, अक्षर लागत नाही, तिथं धीर लागतो. जनगणनेत प्रत्येकाचं नाव १८४१ पासून १९२१ पर्यंत मिळतं, १९३१ चे कागद आगीत जळले आणि १९४१ ला युद्धामुळं झालीच नाही, तेव्हा तिथं अडलात तर तुमचं काही चुकलेलं नाही. सायक्ससारखं आडनाव असेल तर नुसत्या नावावर जाऊ नका, स्लेथवेटमध्ये जॉन सायक्स किती निघाले माहितीये? मी मोजणं सोडलं. धंदा आणि घराचा पत्ता धरून चाला.

फ्रेमवाल्याला ईमेल केला, नमुन्यांचे स्क्रीनशॉट जोडले. आठ दिवस उत्तर नाही, मग निम्मे पैसे परत आले आणि फ्रेम ठेवून घ्या म्हणाले. त्या पैशांतून सरकारी नोंदणी कार्यालयातून आजींच्या पणजोबा-पणजीच्या लग्नाचा दाखला मागवला. वाढदिवसाला दिली ती फ्रेमच, पण आतला कागद काढून दाखला लावून, वर फक्त कुलचिन्हातला लाटांचा एक गोल कापून चिकटवला. दाखल्यावर नवरा विणकर, नवरीचा बाप विणकर, दोन्हीकडचं आडनाव सायक्स. नवऱ्यानं सही केलीय, अक्षर वाकडंतिकडं. पणजीच्या नावापाशी नुसती फुली आहे, आणि ‘हिची खूण’ असं शेजारी दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात. आजींनी चष्मा लावला, काचेवरून त्या फुलीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं की हिचं पहिलं नाव काय गं, माझंच आहे ना? तेच होतं.